स्टॉक कारमधली चलाखी: कारागिरी म्हणायची की चोरी?

डावंवळण

२४ जुलै २०२२, पोकोनो ट्रॅक. नॅसकारची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कारची (दिसायला बाजारातल्या मोटारीसारख्या रेसगाड्यांची) शर्यत. डेनी हॅमलिन पहिला, काइल बुश दुसरा, दोघेही जो गिब्ज रेसिंग या टीमचे. शर्यतीनंतरच्या तपासणीत गाड्यांच्या नाकावरचं रंगीत वेष्टन सोललं, तर खाली पारदर्शक चिकटपट्टी निघाली. पुढच्या चाकांच्या जरा पुढे, खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर एकेक तुकडा: ५ सेंमी रुंद, १४ सेंमी लांब, जाडी ०.३ मिमी. दोघेही बाद. तिसरा आलेला चेस इलियट विजेता ठरला, आणि गड्याने त्या दिवशी एकही लॅप आघाडीवर काढली नव्हती. नॅसकारच्या मुख्य मालिकेत जिंकलेलाच बाद होण्याची ही १९६० नंतरची पहिली वेळ. तेव्हा एमॅन्युएल झर्वाकिस होता, आणि कारण होतं नियमापेक्षा मोठी इंधनाची टाकी.

माझं म्हणणं सरळ आहे. ही अद्दल फार आधी घडायला हवी होती. स्मोकी युनिक, ज्युनियर जॉन्सन या जुन्या गाडीबांधणाऱ्यांच्या करामती लोक अशा सांगतात जणू बाळकृष्णाने लोणी पळवलं! १९८३ च्या ऑक्टोबरात शार्लटच्या ट्रॅकवर रिचर्ड पेटी जिंकला. नंतर मोजलं तर इंजिन ३८२ घनइंचाचं, मर्यादा होती ३५८. म्हणजे जवळजवळ ४०० सीसी जास्त. शिवाय डाव्या बाजूचे मऊ टायर उजव्या बाजूला चढवलेले. ३५,००० डॉलर दंड झाला, १०४ गुण कापले, आणि विजय? तो तसाच. पेटीच्या २०० विजयांमधला तो १९८ वा, आजही मोजला जातो. ही कसली कारागिरी?

तेलकट_हात

पेटीचं इंजिन ही चोरीच, त्यावर वाद नाही. पण "फार आधी हवी होती" कसं म्हणता? नॅसकारच्या या मालिकेच्या पहिल्याच शर्यतीत घडली होती की! १९ जून १९४९, शार्लट, पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक. ग्लेन डनवे १९४७ ची फोर्ड घेऊन पहिला आला. तपासणीत गाडीच्या मागच्या कमानीत (स्प्रिंगच्या पाट्यांत) फेरफार सापडला. ही हातभट्टीची दारू वाहणाऱ्यांची जुनी युक्ती. डिकीत माल भरला की गाडीचं बूड बसतं आणि पोलिसाला लांबूनच कळतं. म्हणून पाटे पाचर मारून ताठ करायचे. तीच गाडी रिकामी करून ट्रॅकवर आणली की वळणात अंग टाकत नाही. डनवे बाद, लिंकनवाला जिम रोपर विजेता. गाडीचा मालक ह्युबर्ट वेस्टमोरलँड १०,००० डॉलरचा दावा घेऊन कोर्टात गेला, न्यायाधीशांनी फेटाळला. आणि बाकीच्या ड्रायव्हरांनी डनवेसाठी आपापसात वर्गणी काढली, हेही लक्षात घ्या. त्यांच्या लेखी तो चोर नव्हता.

खरा फरक इथे आहे. डनवेची गाडी नियमात "करू नका" म्हटलेलं करत होती. स्मोकीने नियमात जे लिहिलंच नव्हतं ते केलं. टाकीचं माप लिहिलं होतं, इंधनाच्या नळीचं नव्हतं. म्हणून त्याने ११ फूट लांब, २ इंच व्यासाची नळी बसवली आणि तिच्यात ५ गॅलन पेट्रोल जादा नेलं. याला मी वाचन म्हणतो.

आकडेमोड

थांबा, ही नळी मोजून बघू. २ इंच व्यास म्हणजे त्रिज्या २.५४ सेंमी, छेदाचं क्षेत्रफळ सुमारे २०.३ चौरस सेंमी. लांबी ११ फूट, म्हणजे ३३५ सेंमी. गुणाकार ६,८०० घनसेंमी. ६.८ लिटर, म्हणजे १.८ गॅलन. ५ गॅलन म्हणजे १९ लिटर. तेवढं बसवायला याच नळीची ३० फुटांहून लांब वेटोळी लागतील. दंतकथेत एकतर नळी आखूड सांगितली जाते, नाहीतर पेट्रोल जास्त.

अर्थात १.८ गॅलनही थोडं नाही. अर्धा इंची नळी असती तर त्याच ११ फुटांत अर्धा लिटरही मावला नसता. गॅलनला ४ मैल धरले, तर ७ मैल. डेटोना ट्रॅकची लॅप अडीच मैलांची, म्हणजे जवळजवळ तीन लॅप. सगळे पेट्रोलला आत वळले असताना तीन लॅप बाहेर राहता आलं आणि नेमका तेव्हाच पिवळा झेंडा (अपघात झाला, सगळ्यांनी सावकाश चला) पडला, तर फासा पलटतो.

जाता जाता, स्मोकीची शेव्हल ही शेव्हरोलेची गाडी मूळ गाडीच्या सात-अष्टमांश आकाराची होती, हीसुद्धा थापच. तशी असती तर काचेपासून दारापर्यंत प्रत्येक वस्तू नव्याने घडवावी लागली असती, आणि शेजारी खरी शेव्हल उभी केली की शेंबडं पोरही ओळखेल. १९६७ मध्ये कर्टिस टर्नरने स्मोकीच्याच शेव्हलमध्ये डेटोनाला ताशी १८० मैलांच्या वर पोल (सर्वांत पुढून सुरुवात करायची जागा) काढला. लोकांना कारण हवं होतं, त्यांनी गाडी आक्रसवली.

डावंवळण

@आकडेमोड, हिशेब आवडला. पण त्याने माझीच बाजू भक्कम झाली. पेट्रोलशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ. १९६४ च्या मे महिन्यात शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी पेटली, जुलैत तो गेला. त्यानंतर टाकीत रबराची पिशवी आली, जिला फ्युएल सेल म्हणतात. धडक बसली तरी फाटून सांडू नये, हा हेतू. आता त्या पिशवीच्या बाहेर पत्र्याखाली सात लिटर पेट्रोल नळीत खेळवायचं, याला तुम्ही "वाचन" म्हणता? आणि हाच फायरबॉल १९६२ ची डेटोना ५०० स्मोकीच्या पाँटियॅकमध्ये जिंकला होता.

तेलकट_हात

फायरबॉलच्या मृत्यूनंतर सुरक्षेवरून नॅसकारशी भांडणाऱ्यांत स्मोकी होता, हेही सांगा ना. बरं, पेट्रोल सोडा. १९९७ चं उदाहरण घ्या. शार्लटची ऑल-स्टार शर्यत, हेंड्रिक टीमची गाडी, रे एव्हर्नहॅम क्रू चीफ (गाडीच्या मेकॅनिकांचा प्रमुख), जेफ गॉर्डन ड्रायव्हर. रेक्स स्टंप या इंजिनिअरने चासीच, म्हणजे गाडीचा सांगाडाच, नव्याने मांडली. कुठे काय लपवलेलं नाही, गाडी तपासणीतून पास, गॉर्डन आरामात जिंकला. नंतर निरोप आला: ही गाडी परत आणू नका. मग नियम बदलले. इथे चोर कोण? नॅसकारमध्ये गाडी कायदेशीर आहे की नाही हे ती कितीने जिंकते यावर ठरतं.

पिवळा_झेंडा

दोघंही गाडीकडे बघताय, तपासनिसाकडे कोणी बघत नाही. ऑगस्ट १९६६, अटलांटा. इंजिनाच्या वादावरून फोर्डने बहिष्कार घातलेला, तिकीटविक्री आटलेली. अशात ज्युनियर जॉन्सन फोर्डची पिवळी गॅलक्सी घेऊन आला: छप्पर खाली दाबलेलं, पुढची काच मागे झुकवलेली, नाक खाली, शेपूट वर. लोकांनी जागेवरच "पिवळं केळं" म्हणून बारसं केलं. ती पास! स्मोकीची शेव्हलही पास. आणि त्याच दिवशी डेव्हिड पिअरसनची डॉज परत पाठवली, कारण तिच्यात पुढची उंची चालत्या गाडीत कमी करायची सोय होती. एका रांगेत उभ्या असलेल्या तीन गाड्यांना दोन न्याय. फोर्डचे चाहते गेटवर परत यायला हवे होते, एवढंच.

गिअरबॉक्स_३

आणि १९९२ मध्ये या मालिकेचा डायरेक्टर कोणाला केलं? गॅरी नेल्सनला, ज्याच्या पळवाटांना सगळं गॅरेज टरकून होतं. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. पण काम चोख केलं त्याने. हात कुठे घालायचा ते त्याला ठाऊक होतं.

छर्ऱ्यांची गंमत राहिली. सुरुवातीच्या वजनाला गाडी बरोबर भरायची म्हणून चासीच्या पोकळ नळीत बंदुकीचे छर्रे, झडप ड्रायव्हरच्या हाताशी. पेस लॅपला (शर्यत सुटण्याआधीच्या संथ फेरीला) झडप उघडली की सगळे छर्रे ट्रॅकवर. जुना ड्रायव्हर डॅरेल वॉल्ट्रिप हे स्वतः हसत सांगतो. शर्यतीनंतरही वजन होतं म्हटल्यावर ही युक्ती मेली.

डावंवळण

@पिवळा_झेंडा, १९६६ बद्दल मान्य. पण म्हणूनच आजची पद्धत बरी. २०१८ पासून कॅमेऱ्यांनी अख्खी बॉडी स्कॅन होते, डोळ्यांच्या अंदाजावर काही नाही. २०१९ पासून जिंकलेला सापडला तर तोही बाद. त्याआधी गुण कापायचे आणि ट्रॉफी घरी न्यायची. २०२२ च्या नव्या गाडीत बहुतेक भाग ठरलेल्या एकाच पुरवठादाराचे, त्यांना हात लावायचा नाही. लावला की १०० गुण गेले.

तेलकट_हात

तिथेच तर पाणी मुरतंय. मार्च २०२३, फिनिक्स. हेंड्रिकच्या चार गाड्यांच्या बॉनेटवरच्या हवेच्या जाळ्या नॅसकारने उचलून नेल्या. चारही क्रू चीफना प्रत्येकी १,००,००० डॉलर दंड, प्रत्येक गाडीमागे १०० गुण गेले. टीमचं म्हणणं, पुरवठादाराकडून आलेला भागच नीट बसत नव्हता. अपिलात दंड राहिला, गुण मात्र परत मिळाले. भाग बसत नसेल तर मेकॅनिकने काय करायचं? कानस घेतली तर गुन्हेगार, नाही घेतली तर फट. १९४९ मध्ये निदान पाचर कोणी मारली ते माहीत होतं.

आणि पोकोनोचं म्हणाल, तर ०.३ मिमीच्या पट्टीने कोणी शर्यत जिंकत नाही. 

डावंवळण

काहीच फरक पडत नव्हता तर दोन्ही गाड्यांना, दोन्ही कोपऱ्यांत, एकाच मापाची का? आणि वेष्टनाच्या खालीच का? वर चिकटवायची होती. टीमने अपीलही केलं नाही.

आकडेमोड

वर चिकटवली असती तर स्पॉन्सरच्या नावावर आली असती. तो दंड नॅसकारपेक्षा मोठा.