लेबर डे सप्टेंबरात का? आणि त्या दिवशी नक्की करतात काय?

नवा_जर्सीकर
नमस्कार मंडळी, जूनमध्ये न्यू जर्सीला आलोय. ऑफिसात सगळ्यांचं लाँग वीकेंड लाँग वीकेंड चाललंय, सोमवारी लेबर डे ची सुट्टी. आता आपल्याला कामगार दिन म्हणजे १ मे एवढंच माहिती. आजोबा परळला गिरणीत होते, त्यांच्या तोंडून शिकागोच्या कामगारांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, म्हणजे १ मे चं मूळ इथलंच ना? मग इथेच तो दिवस सोडून सप्टेंबर कसा काय? टीममध्ये विचारलं तर एक जण म्हणाला समर संपला म्हणून असते सुट्टी, आणि दुसरी म्हणाली गाद्यांचा सेल लागतो. सिरीयसली. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा.

शिकागोचे_काका
आजोबांची गोष्ट बरोबर आहे. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी देशभर संप झाला, शिकागोत सगळ्यात मोठा. ४ मे ला रात्री तिथल्या हेमार्केट चौकात सभा संपत आली होती, पोलीस ती उठवायला आले आणि कोणीतरी बॉम्ब टाकला. कोणी टाकला ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही, पण आठ जणांना दोषी ठरवलं आणि चौघांना १८८७ च्या नोव्हेंबरात फाशी दिली. पुढे १८८९ ला पॅरिसच्या समाजवादी परिषदेत १ मे ठरला, म्हणून जगभर तो. इथल्या सरकारला मात्र हेमार्केटची आठवण दरवर्षी कशाला हवी असणार!

सप्टेंबरच्या सुट्टीमागे पुलमनचा संप आहे. रेल्वेचे झोपायचे डबे बनवणारा पुलमन, त्याने कामगारांसाठी शिकागोच्या दक्षिणेला अख्खं गाव वसवलेलं, घरं त्याचीच, भाडं त्यालाच. १८९३ च्या मंदीत पगार कापले साधारण पाव हिश्शाने, आणि घरभाडं? तेवढंच राहिलं. म्हणजे पगाराच्या दिवशी भाडं वळतं करून हातात काय उरत असेल विचार करा. मे १८९४ ला संप झाला, मग युजीन डेब्सच्या रेल्वे युनियनने ठरवलं की पुलमनचा डबा लागलेल्या गाडीला हातच लावायचा नाही, आणि शिकागोहून पश्चिमेकडची वाहतूक ठप्प. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने लष्कर घातलं, माणसं मेली, डेब्स सहा महिने तुरुंगात गेला. आणि मग कामगार खवळले म्हणून त्यांना ही सुट्टी दिली, माफी समजा.

जुनी_कात्रणं
काका, पुलमनचं सगळं कबूल, पण ती माफीची गोष्ट तारखांत बसत नाही हो, ती दर सप्टेंबरला व्हॉट्सॲपवर फिरते. क्लीव्हलंडने सुट्टीच्या कायद्यावर सही केली २८ जून १८९४ ला. डब्यांवरचा बहिष्कार सुरू झाला २६ जूनला आणि शिकागोत सैनिक उतरले जुलैच्या ३-४ तारखेला. म्हणजे सुट्टी आधी, बंदुका नंतर. (माझ्या मते हे जास्त वाईट दिसतं, पण ते असो.) संप पेटलेला बघून खासदारांनी घाई केली असेल तर नवल नाही, पण तोवर तीसेक राज्यांनी आपापली सुट्टी देऊन टाकलेली होती, पहिलं ऑरेगन, १८८७, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि तुमचं न्यू जर्सी पण.

खरी सुरुवात न्यूयॉर्कला, ५ सप्टेंबर १८८२, मंगळवार. सेंट्रल लेबर युनियनने मोर्चा ठरवला, सुट्टी वगैरे काही नाही, यायचं तर दिवसाच्या पगारावर पाणी सोडून यायचं. सकाळी सिटी हॉलजवळ बघतात तर मूठभर लोक आणि बँडसुद्धा नाही, फूटपाथवरचे लोक हसतायत, काही जण म्हणाले सोडून द्या आता. तेवढ्यात नेवार्कहून दागिने घडवणाऱ्या कारागिरांची युनियन फेरीबोटीने येऊन उतरली, दोनेकशे माणसं आणि स्वतःचा बँड! ते वाजवत आले आणि मोर्चा हलला, मग गल्लीगल्लीतून लोक मिळत गेले आणि युनियन स्क्वेअरपर्यंत दहाएक हजार झाले. नंतर एल्म पार्कात बायकापोरांसकट पिकनिक, भाषणं आणि बियरची पिंपं. म्हणजे लोक आता बार्बेक्यू करतात म्हणून नाकं मुरडायचं कारण नाही, खाणंपिणं पहिल्या दिवसापासून आहे.

कल्पना कोणाची यावर अजून भांडण आहे, एक पीटर मॅक्ग्वायर सुतारांचा पुढारी, दुसरा मॅथ्यू मॅग्वायर पॅटर्सनचा मशिनिस्ट. नाव बरीच वर्षं पहिल्याचं झालं, दुसरा पुढे सोशालिस्ट लेबर पार्टीकडून उपाध्यक्षपदाला उभा राहिला ते काही जणांना पचलं नसावं. सप्टेंबर का, तर ४ जुलै आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या मधे सुट्टीच नव्हती, एवढं साधं.

रात्रपाळी_ताई
इतिहास छान आहे, आता वर्तमान ऐका. मी मॉलमधल्या दुकानात आहे आणि सोमवारी दहा ते सात माझी शिफ्ट लागलीय, सेल आहे ना! खूप जणांना वाटतं सुट्टी म्हणजे सगळ्यांना सुट्टी. तसं नाहीये, फेडरल (म्हणजे केंद्र सरकारची) सुट्टी म्हणजे सरकारी ऑफिसं, पोस्ट, बँका. खाजगी मालकाने सुट्टी दिलीच पाहिजे किंवा त्या दिवशी जास्त पैसे दिलेच पाहिजेत असा फेडरल कायदाच नाही, दिलं तर त्यांची पॉलिसी. आमच्याकडे मागच्या वर्षी मॅनेजरने ब्रेकरूममध्ये हॅपी लेबर डे चे कपकेक ठेवले होते, ते खायला पण उभ्या उभ्या पाच मिनिटं. तेव्हा सोमवारी खरेदीला याल तर ट्रायल घेतलेले कपडे निदान हँगरला लावून द्या एवढीच विनंती.

शिकागोचे_काका
@जुनी_कात्रणं तारखा ठीक आहेत पण सही करताना संप चालू होताच ना, हेतू तोच. बाकी १ मे बद्दल अजून एक, १९५८ ला इथे १ मे ला कायद्याने 'लॉयल्टी डे' करून टाकला, म्हणजे देशनिष्ठेचा दिवस. मुद्दाम तोच दिवस बघून.

@रात्रपाळी_ताई कळलं, लावून देऊ.

बोरीबंदर
नवा_जर्सीकर, आजोबा परळचे म्हणून लिहितोय. आपल्याकडे १९२३ ला मद्रासला कामगार नेते सिंगारवेलूंनी १ मे पहिल्यांदा पाळला, पण त्याच्या कितीतरी आधी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे होते, फुल्यांचे सहकारी. गिरणीवाल्यांना आठवड्याची सुट्टीच नव्हती, लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज दिले, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून रविवार मिळाला. त्यांचा दिवस कुठे कोण पाळतं? १ मे ला आपल्याकडे आधी महाराष्ट्र दिन, कामगार जोडीला.

नवा_जर्सीकर
वा, भारी माहिती, थँक्यू सगळ्यांना. लोखंड्यांचं नाव ऐकलं होतं पण रविवारचं नव्हतं माहिती. आता एक सांगा, तो न्यूयॉर्कचा मोर्चा अजून निघतो का? सोमवारी बघायला जावं म्हणतोय.

जुनी_कात्रणं
निघतो, पण सहसा सोमवारी नाही, पुढच्या शनिवारी, फिफ्थ अव्हेन्यूवर. सुतार, इलेक्ट्रिशियन, शिक्षक, नर्सेस सगळे आपापल्या युनियनचे टीशर्ट घालून येतात. सोमवारी ब्रुकलिनला ईस्टर्न पार्कवेवर कॅरिबियन लोकांची परेड असते, ती वेगळी, गर्दी प्रचंड, ट्रेनने जा. शनिवारी मात्र मंडळाचा गणपती आहे का ते आधी बघून घ्या, २०१९ ला तर लेबर डे आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी आली होती, पार्किंगचे हाल झाले होते.