शरणपूरचे रेव्हरंड प्राइस आणि आफ्रिकेतील अनाथ मुले

गोदाकाठ : शरणपूर रोडवरून आपण नाशिककर रोज ये-जा करतो, परंतु शरणपूर वसवणारे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्याविषयी फारसे कोठे ऐकायला मिळत नाही. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले त्यांनी येथे सांभाळली, असे वाचले. ही मुले इतक्या दूर नाशिकला कशी आली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

इतिहासप्रेमी : प्राइस हे चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक होते आणि १८५० च्या दशकात त्यांनी तेव्हाच्या नाशिक शहराबाहेर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. त्या काळी ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडत असे. त्यांवरील मुले मुंबईत उतरवली जात. त्यांना घरी पोहोचवणे जवळजवळ अशक्य असल्याने त्यांपैकी अनेकांची रवानगी शरणपूरला होई. येथील अनाथ मुलांबरोबर तीही लिहिणे-वाचणे, सुतारकाम आणि लोहारकाम शिकत.

जुने नाशिक : यांतील जेकब वेनराइट याचे नाव तरी प्रत्येक नाशिककराला माहीत असावे. १८७३ मध्ये आफ्रिकेचे प्रसिद्ध शोधप्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचे हृदय जेथे पुरले तेथे प्रार्थना वाचणारा आणि झाडावर लेख कोरणारा हाच. सहकाऱ्यांनी मृतदेह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. पुढे जेकब त्याच्यासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्यविधीत शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांमध्ये होता. शरणपुरात गिरवलेली अक्षरे अशी कामी आली!

पंचवटीकर : प्राइस यांची माया खरी असेल, हे मान्य, मात्र या मुलांना नवा धर्म आणि इंग्रजी नावे देताना त्यांची इच्छा कोणी विचारली असेल, असे मला वाटत नाही. पोरक्या मुलाला नकार देण्याची सोय नसते.

इतिहासप्रेमी : आपला आक्षेप रास्त आहे. तरीही ही मुले केवळ आश्रित राहिली नाहीत, हेही नोंदवावे लागेल. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे १८६४ मध्येच पूर्व आफ्रिकेतील मोंबासाजवळच्या रबाई येथील मिशनमध्ये कामाला गेले आणि पुढे स्वतः धर्मोपदेशक झाले. प्राइस मागाहून, १८७४ मध्ये, तिकडे गेले आणि मुक्त गुलामांसाठी त्यांनी फ्रीअर टाउन वसवले, तेव्हा तेथील भाषा आणि माणसे जाणणारे हेच विद्यार्थी त्यांच्या उपयोगी पडले.