मदत हवी आहे : शिकारीचा जुना कार्बाइडचा दिवा
नमस्कार. कोकणातील आमच्या जुन्या घरात आजोबांचा पितळी कार्बाइडचा दिवा सापडला असून, तो कपाळावर बांधून ते रात्री सशाच्या शिकारीला जात, असे घरची वडीलधारी मंडळी सांगतात. खालच्या डबीत कार्बाइडचे खडे आणि वरच्या टाकीत पाणी. खिटी फिरवली की पाणी थेंबाथेंबाने खड्यांवर पडून ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि चकचकीत तबकडीच्या मध्यावरील बारीक तोटीशी पेटतो. त्या झोतात सशाचे डोळे चमकत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज अशी शिकार हा गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. मला हा दिवा केवळ जतन करायचा आहे.

तोटीचे छिद्र पांढऱ्या चुनखडीने बुजले आहे आणि दोन भागांमधला रबरी वायसर कडक होऊन तडकला आहे, त्यामुळे दिवा पेटवणे धोक्याचे वाटते. छिद्र कशाने मोकळे करावे? ॲसिटिलीनचा तांब्याशी संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, म्हणून तांब्याची तार मी टाळली आहे. वायसर कोणत्या जाडीचा व कोठे मिळेल? शिवाय पत्र्याच्या डब्यात चिमणी (रॉकेलचा छोटा दिवा) बसवून घरीच केलेले शिकारीचे दिवे कोणी पाहिले असल्यास त्यांची रचना कृपया सविस्तर कळवावी.