गाइडेड वेव्हचे पट्टे बसवले म्हणजे पाणबुडे नकोत?

जाडीमापक: "समुद्राखालच्या पाइपलाइनवर गाइडेड वेव्हचे (पाइपच्या भिंतीतून लांबीच्या दिशेने ध्वनिलहर सोडणारे) पट्टे कायमचे बसवा, म्हणजे पिगिंग (पाइपच्या आतून तपासणीचे यंत्र, म्हणजे पिग, सोडणे) आणि पाणबुडे दोन्ही बंद करता येतील," असे काल येथे लिहिले गेले आणि त्याला भराभर अनुमोदनही मिळाले, म्हणून हे उत्तर. पिगच्या प्रोबमधून, म्हणजे ध्वनिलहर सोडून तिचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागातून, निघालेली लहर १२ मिलिमीटरच्या पोलादी भिंतीतून सुमारे ४ मायक्रोसेकंदांत परत येते आणि त्या जागेची जाडी सांगते. गाइडेड वेव्ह जाडी सांगत नाही. नळाच्या आडव्या छेदातील धातू किती घटला, एवढाच अंदाज देते. खड्डा नखाएवढा असून आरपार जाण्याच्या बेतात असला, तरी छेदातील घट नगण्य राहते आणि तो निसटतो. त्यात पाइप काँक्रीटच्या वेष्टनात आणि गाळात असला, तर लहर थोड्याच अंतरात विरते.

उरणवासी: ती पोस्ट माझी होती. मुंबई हायचे तेल मेणचट आहे. आतल्या भिंतीवर मेणाचा थर राहिला की आपल्या पिगचे प्रतिध्वनी बिघडतात, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. वायुवाहिनीत तर नेहमीचा अल्ट्रासॉनिक पिग चालतच नाही, कारण प्रोब आणि पोलाद यांच्यामध्ये द्रव लागतो. शिवाय जुन्या कित्येक पाइपलाइनना पिग सोडण्याची सोयच नाही.

जाडीमापक: मेणासाठी आधी सफाईचा पिग सोडतात आणि वायुवाहिनीत चुंबकीय गळती मोजणारा (पोलाद चुंबकित करून घट शोधणारा) पिग, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. जिथे पिग जातच नाही, तेवढ्यापुरते आपले म्हणणे मान्य, त्यापुढे नाही.

खोलपाणी: मी पाण्यात उतरून जाडी मोजतो. शिंपले खरवडल्याशिवाय प्रोब टेकत नाही, आणि पावसाळ्याआधी काम उरकण्याची घाई असते. एका पर्यवेक्षकाने मला रायझरचा (समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मकडे वर जाणाऱ्या पाइपचा) लाटांचा मारा बसणारा, म्हणजे सर्वाधिक गंजणारा, भाग सोडून खालच्या स्वच्छ भागात रीडिंग घ्यायला लावले होते.

उरणवासी: म्हणूनच माणूस काढा, असे मी म्हणतो!

खोलपाणी: माणूस काढल्याने जागा निवडणारा बदलत नाही. पट्टाही सोयीच्याच जागी बसेल.

जाडीमापक: एका अनुभवावरून साऱ्या निरीक्षकांवर आरोप करू नका. प्रत्येक पातळीवर घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ या स्थितींची रीडिंग नोंदवावीच लागतात.

खोलपाणी: नोंदवलेली पातळी खरीच होती, साहेब. जी पातळी नोंदवलीच नाही, ती कोण तपासतो? खाली जीव आम्ही धोक्यात घालतो, मग मोजायचे कुठे हे वेळापत्रकाने का ठरवावे?

जाडीमापक: आपला सूर मला पटलेला नाही, पण प्रश्न रास्त आहे. मागच्या तपासणीत जिथे जाडी सर्वांत कमी भरली, त्या जागा मालक कंपनीने आधीच ठरवून द्याव्यात आणि सुटलेल्या जागांची यादी अहवालाच्या पहिल्याच पानावर असावी.

उरणवासी: त्या यादीला माझा पाठिंबा आहे. पिग न जाणाऱ्या पाइपलाइनवर पट्टे बसवण्याची मागणी मात्र मी सोडणार नाही, आणि पट्ट्यांच्या जागाही त्याच यादीतून निवडाव्यात.