पीसीवर सिम रेसिंग सुरू करायचंय: 40 हजारांत व्हील आणि पेडल कोणते घ्यावेत?

चिंचवडकर
मंडळी, सल्ला हवा आहे. वर्षभर कंट्रोलरवर असेटो कोर्सा (खऱ्यासारखी गाडी चालवायचा रेसिंग सिम्युलेटर, म्हणजेच सिम) खेळतोय. मागच्या महिन्यात एका मित्राकडे व्हीलवर तासभर बसलो. गाडीचा मागचा भाग सुटायला लागला की डोळ्यांच्या आधी हातांना कळतं, हे तिथे पहिल्यांदा अनुभवलं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

परिस्थिती अशी: भाड्याचा वन बीएचके, त्यामुळे कायमची सीट मांडून ठेवता येणार नाही. प्लायचं साधं टेबल, चाकांची खुर्ची, 24 इंची मॉनिटर, 1660 सुपर ग्राफिक्स कार्ड. मुलगी दोन वर्षांची आहे, म्हणजे खेळणं रात्री दहानंतरच. बजेट 40 हजार, फार ताणून 45. ऑनलाइन सहा-सात हजारांतही व्हील दिसतात. सुरुवातीला ती चालतील का?

कोकणकडा
सहा-सात हजारांतली बहुतेक व्हील 180 किंवा 270 अंशच फिरतात, आणि आत मोटर नसते. स्प्रिंग किंवा रबर व्हीलला मध्यावर ओढून आणतं, एवढंच. तुम्हाला मित्राकडे जे जाणवलं ते फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटरने हातांना दिलेला जोर, आणि ते यांत नसतंच. ते पैसे वाचवा.

मी चार वर्षं लॉजिटेक जी29 वापरतोय. 900 अंश फिरतं, तीन पेडल येतात, टेबलाला लावायचे क्लॅम्प व्हीलमध्येच आहेत. पीसीसाठी जी920 घेतलंत तरी चालेल, आतली यंत्रणा तीच. फरक बटणांचा आणि आरपीएमच्या दिव्यांचा. जे स्वस्त मिळेल ते घ्या. गिअर शिफ्टर वेगळा विकत घ्यावा लागतो, त्याची आत्ता गरज नाही, व्हीलमागच्या पॅडलवर (बोटांनी ओढायच्या पात्यांवर) भागतं.

दोष सांगायलाच हवेत. आत दातेरी गिअर आहेत, त्यामुळे कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक गेलं की खडखडाट होतो. रात्री बंद दाराआड चालून जाईल, पण मुलीच्या पलंगाशेजारी नको. दुसरं म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजायला आत पोटेन्शिओमीटर (घासून चालणारे सेन्सर) आहेत. आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत दुसऱ्या पावसाळ्यानंतर ब्रेकचा आकडा आपोआप उड्या मारायला लागला. पेडल उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, आजपर्यंत ठीक आहे.

आणि हो, वीज जाऊन परत आली की व्हील स्वतःहून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरून कॅलिब्रेट होतं. तेव्हा लेकीचा हात त्यात नसेल एवढं बघा.

सिंहगड_घाट
कोकणकडा यांच्याशी थोडा असहमत. जी29 चा जोर साधारण दोन न्यूटन-मीटर (व्हील फिरवण्याच्या जोराचं माप). बारीक हालचाली गिअरच्या दात्यांमध्ये हरवतात, मध्यावर थोडी ढिलाई जाणवते. थ्रस्टमास्टर टी300 सारख्या बेल्टवाल्यात हे बरंच सुधारतं. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये तर व्हील थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, मध्ये गिअर नाही की बेल्ट नाही, आणि आवाज जवळजवळ नाहीच. रात्री खेळणाऱ्यासाठी हा मुद्दा छोटा नाही.

फनाटेकने 2021 मध्ये सीएसएल डीडी आणलं तेव्हापासून हे तंत्र सामान्य माणसाच्या आवाक्याकडे सरकलं. पाच न्यूटन-मीटरचं ते, मोझा आर5 साडेपाचचं, आर3 3.9 चं. माझं मत: चार-सहा महिने थांबा, अजून पैसे साठवा आणि आर5 चा संच घ्या. नंतर रिम (हातात धरायचं चाक) बदलता येते, पेडल बदलता येतात, बेस (मोटरचा डबा) तोच राहतो. मी आधी गिअरवालं घेतलं, वर्षात विकलं, त्यात पैसे गेले.

अवखळ_वळण
सिंहगड दादा, आर5 उत्तमच, पण त्यांचं टेबल वाचलंत का? साध्या प्लायच्या टेबलावर साडेपाच न्यूटन-मीटर लावले तर मॉनिटरसकट सगळं हलेल. मग जोर निम्म्यावर आणून खेळायचं, तर एवढे पैसे कशासाठी घालायचे?

चिंचवडकर, मी रॅली आणि युरो ट्रक खेळते, तुमच्यासारख्याच लहान घरात. पहिले तीन महिने माझी सगळी चिडचिड व्हीलवर नव्हती, खुर्चीवर होती. ब्रेक दाबला की खुर्ची मागे आणि पेडल पुढे. तात्पुरता उपाय म्हणजे खुर्चीची चाकं जुन्या बुटांत ठेवायची. खुर्ची जागची हलत नाही. पेडल एका प्लायच्या फळीला स्क्रूने बसवा आणि फळीचं दुसरं टोक भिंतीला टेकवा.

पक्का उपाय हवा असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. मी दीड इंची चौकोनी पाइपचा घडीचा स्टँड करून घेतला, साडेतीन हजारांत झाला. वर व्हीलसाठी 18 मिमी प्लाय, खाली पेडलसाठी थोडा तिरका पाट, आणि मधून एक आडवी पट्टी माझ्या खुर्चीच्या दांड्यात अडकते. आता ब्रेकवर उभं राहिलं तरी काही सरकत नाही. खाली जाड रबरी मॅट टाका, पेडलची धडधड स्लॅबमधून थेट खालच्या घरात जाते.

नेकार_काठ
मी स्टुटगार्टजवळ राहतो, वर्षातून एक-दोनदा नॉर्डश्लाइफला (जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक) गाडी नेतो आणि घरी तोच ट्रॅक असेटो कोर्सात चालवतो. वीस किलोमीटरहून लांब ट्रॅक आहे, चुका लपत नाहीत. माझा अनुभव वरच्या सगळ्यांहून थोडा वेगळा आहे: लॅपचा वेळ व्हीलमुळे कमी झाला नाही, ब्रेकमुळे झाला.

जी29 चं ब्रेक पेडल मोजतं अंतर, पाय किती खाली गेला ते. खऱ्या गाडीत ब्रेकचा अंदाज मुख्यतः दाबावरून येतो. गुडघा किती वाकला हे पायाच्या लक्षात राहत नाही, जोर किती लावला हे राहतं. लोडसेल पेडल हा जोर मोजतं. ते लावल्यावर वळणाआधी तोच ब्रेक शंभर वेळा तसाच दाबता यायला लागला. मग वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जायचं, म्हणजे पुढच्या चाकांवर वजन राहतं आणि नाक आत वळतं. कंट्रोलरवर हे जमत नाही, सैल पेडलवर अर्धवट जमतं.

पीसीचा मोठा फायदा इथे आहे. कन्सोलवर एका कंपनीच्या साखळीत अडकायला होतं, पीसीवर व्हील एका कंपनीचं आणि पेडल दुसऱ्या कंपनीचे वेगवेगळ्या यूएसबीत लावले तरी बहुतेक सिम्स ते सहज स्वीकारतात. म्हणून माझा क्रम: आत्ता वापरलेलं, पण सुस्थितीतलं जी29, त्यासोबत अवखळ ताईंनी सांगितला तसा स्टँड, आणि उरलेले पैसे लोडसेलसाठी बाजूला. थ्रस्टमास्टरचे टी-एलसीएम हे लोडसेल पेडल स्वतंत्र यूएसबीवर चालतात. डायरेक्ट ड्राइव्ह नंतर आलं तरी स्टँड आणि पेडल वाया जाणार नाहीत.

सिंहगड_घाट
टेबलाचा मुद्दा मान्य, नेकार यांचा क्रमही पटला. माझे पैसे बुडाले कारण मी नवीन घेऊन विकलं. वापरलेलं घेतलं तर विकताना एवढी घट येत नाही.

वापरलेलं बघायला जाताना लॅपटॉप घेऊन जा. सुरू करताना कॅलिब्रेशन पूर्ण होतं का, दोन्ही टोकांना फिरवून परत मध्यावर बरोबर येतं का, आतून कटकट आवाज येतो का, हे बघा. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत तिन्ही पेडल अगदी सावकाश दाबा, पट्टी थरथरली तर सेन्सर खराब. अडॅप्टर मूळचाच आहे ना ते विचारा, त्याच्याशिवाय फोर्स फीडबॅक मिळत नाही.

घरी आणल्यावर गेममधला एफओव्ही, म्हणजे पडद्यावर किती कोनातलं दृश्य दिसतं ते, आधी नीट करा. 24 इंची मॉनिटर डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन साधारण 28 अंश येतो. सुरुवातीला दुर्बिणीतून बघतोय असं वाटेल, पण वळण किती लांब आहे याचा अंदाज त्यातच येतो. मॉनिटर जमेल तेवढा व्हीलजवळ ओढा. फोर्स फीडबॅकचा जोर सगळा वर नेऊ नका. सतत कमाल मर्यादेला टेकला की बारकावे सपाट होतात.

चिंचवडकर
सहा आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल क्षमस्व. वापरलेलं जी29 घेतलं. पहिल्या विक्रेत्याकडे ब्रेकची पट्टी थरथरत होती, ते सोडलं. दुसऱ्याकडचं स्वच्छ निघालं. स्टँड आकुर्डीत करून घेतला, पाट तिरका करायचं अवखळ ताईंनी सांगितलं नसतं तर सुचलं नसतं. खडखडाट आहे, पण दार लावलं की लेक उठत नाही.

महिनाभर गेममधली फक्त आबार्थ 500 ही छोटी गाडी आणि माजोने ट्रॅक, दुसरं काही उघडलंच नाही. आधी दहा लॅप मारल्या तर वेळांत तीन-चार सेकंदांचा फरक असायचा, आता तो एका सेकंदाच्या आत आलाय. जिथे हुकतं तिथे दर वेळी ब्रेकच हुकतो, नेकार म्हणतात तसंच. लोडसेलसाठी पैसे साठवणं सुरू आहे.

चिंचवड-आकुर्डी भागात कुणाला खरेदीआधी तासभर बसून बघायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी सकाळी स्टँड उघडलेलाच असतो.