बीकॉमनंतर इंटरनॅशनल बिझनेस कम्युनिकेशन: करावं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. घरी हळदीचा व्यापार, काका मार्केट यार्डात अडते. मला इंटरनॅशनल बिझनेस कम्युनिकेशनमध्ये मास्टर्स करायचंय, जर्मनी नाहीतर फिनलंडला. बाबा म्हणतात, "इंग्रजी बोलायला शिकायचे एवढे पैसे? त्यापेक्षा एमबीए कर." मला त्यांना धड उत्तर देता येत नाही. या विषयात नक्की शिकवतात काय? पुढे काम कसलं मिळतं? कोणी केलंय का? आयईएलटीएसला साडेसहा आहेत.

साधाभोळा
'डिअर सर' कुठे आणि 'रिगार्ड्स' कुठे, ते शिकवतात. हल्ली एआय फुकटात करून देतं. बाबांचं ऐका. :)

द्राक्षपेटी
कृष्णाकाठ, अरे-तुरे करते, भाच्याच्या वयाचा आहेस. मी हाच विषय शिकले. आता पिंपळगाव बसवंतजवळ एका द्राक्ष निर्यातदाराकडे कागदपत्रं आणि परदेशी खरेदीदारांचा पत्रव्यवहार बघते. सीझनमध्ये जेवायची शुद्ध नसते, आत्ता छाटण्या चालू आहेत म्हणून सवडीने लिहितेय.

साधाभोळांचा टोमणा निम्मा खरा आहे. काही विद्यापीठं या नावाखाली खरंच मेल आणि प्रेझेंटेशन घोटून घेतात. तसला कोर्स असेल तर बाबा बरोबर आहेत. म्हणून नावावर जाऊ नकोस, विषयांची यादी उघडून बघ.

चांगल्या कोर्सात काय असतं, तर हे बघ. १९९७ साली फिनलंडची मेरिटा आणि स्वीडनची नॉर्डबांकेन या बँका एक झाल्या आणि कामकाजाची भाषा ठरली स्वीडिश. फिनलंडमध्ये ती दुसरी राजभाषा, शाळेत शिकवतातच, त्यामुळे वरकरणी कोणाची तक्रार असायचं कारण नव्हतं. पण शाळेत शिकलेल्या स्वीडिशवर मीटिंगमध्ये कर्जाच्या जोखमीवरून वाद घालता येत नाही. कामात मुरलेली फिनिश माणसं मीटिंगमध्ये गप्प बसायला लागली आणि ज्यांची स्वीडिश चांगली त्यांचं वजन वाढलं. २००० मध्ये डॅनिश बँकही आत आली, तेव्हा इंग्रजी आणली. ती सगळ्यांनाच परकी, म्हणून निदान अडचण तरी वाटून घेतली गेली. याच बँकेचं पुढे नॉर्डिया झालं. जपानच्या राकुतेनने २०१० मध्ये इंग्रजीची सक्ती जाहीर केली, तेही असंच अभ्यासतात. भाषेचा एक निर्णय झाला की ऑफिसात कोणाचं चालतं आणि कोणाचं चालेनासं होतं, हा खरा विषय.

दुसरा भाग माझ्या रोजच्या कामाचा. हेलसिंकीच्या बिझनेस स्कूलमधल्या (आता आल्टो विद्यापीठ) संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. व्यापारातली बहुतेक इंग्रजी अशा दोन माणसांत चालते की त्यातल्या एकाचीही ती मातृभाषा नसते. तिथे व्याकरणाला कोणी विचारत नाही. धंद्यातले शब्द आणि काय ठरलं ते, एवढं पक्कं लागतं.

आमच्याकडचं सांगते. कंटेनर रॉटरडॅमला उघडला की खरेदीदाराचा मेल येतो: अमुक पॅलेट, मणीगळ जास्त, फोटो जोडलेत, क्लेम लावतोय. ना नमस्कार ना चमत्कार. शेठ भडकतात, "इतक्या वर्षांचा व्यवहार आणि ही भाषा?" त्या माणसाच्या मनात राग बिग काही नसतो, डच लोक लिहितातच तसं. उलट बाजूने, शेठ फोनवर "येस येस, नो प्रॉब्लेम" म्हणत राहतात. आपल्यात त्याचा अर्थ 'ऐकतोय, बोला'. पलीकडचा ती कबुली म्हणून लिहून घेतो. म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या मी तीन ओळींचा मेल टाकते: काय ठरलं, काय अजून ठरायचंय, कोण कधीपर्यंत करणार. क्लेमच्या वेळी पुढे हाच मेल बाहेर निघतो. साधाभोळा, एआय इंग्रजी माझ्यापेक्षा छान लिहील हो, पण शेठ फोनवर काय बोलून बसले ते त्याला कुठून कळणार?

माझा प्रबंध २०१० च्या लिहोसिन प्रकरणावर होता. नाशिककडच्या कोणालाही विचार. वेलीची शेंडावाढ रोखायला बागायतदार लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट, वापरायचे. आपल्याकडच्या रेसिड्यू (मालात उरलेला औषधांचा अंश) तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. त्यामुळे इथले रिपोर्ट स्वच्छ आणि युरोपात मर्यादेपेक्षा जास्त. कंटेनर अडकले, माणसं कर्जात गेली. नियम युरोपात होता, तो बागेच्या बांधापर्यंत कोणी पोचवायचा हेच ठरलेलं नव्हतं. यालाही कम्युनिकेशनच म्हणतात, बाबांना हे जरूर सांग.

आता जे मला तरी वर्गात मिळालं नाही ते. एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: कागद बरोबर असले तर पैसे देऊ, ही खरेदीदाराच्या बँकेची हमी. यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळलं नाही तर बँकेला पैसे अडवायला तेवढं पुरतं, मग हळद कितीही पिवळीधमक असो. जाण्याआधी काकांच्या ओळखीने एखाद्या सीएचएच्या (मालाचं कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) ऑफिसात जाऊन बस. शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, फायटो सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) हाताखालून जाऊ दे. इन्कोटर्म्सच्या (खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कोणाची, हे ठरवणाऱ्या) ११ संज्ञा तिथे आठवड्यात डोक्यात बसतील.

आणि जर्मनीच नक्की असेल तर जर्मन शिकायला पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवन गाठ, आजच.

बर्फाळ
मी फिनलंडमध्ये, हेलसिंकीशेजारच्या एस्पोत राहतो, ताईंनी पैशाचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. फिनलंडमध्ये युरोपबाहेरच्या मुलांना इंग्रजी मास्टर्सला २०१७ पासून फी आहे. स्कॉलरशिप मिळते, पण अर्जाबरोबरच मागावी लागते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही; बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये सेमिस्टरला १५०० युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा आकडा वाढत असतो, तेव्हा ताजा बघून घे. भारतीय मुलांना एपीएस सर्टिफिकेटही (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं, त्याला वेळ जातो. शिवाय तुझी बीकॉम तीन वर्षांची. काही विद्यापीठं घेतात, काही नाही घेत. अर्जाआधी मेल करून लेखी उत्तर घे.

फिनिशशिवाय इथे कम्युनिकेशनमधली नोकरी फार कठीण. कंपनी इंग्रजीत चालते, पण प्रसिद्धिपत्रक सहसा फिनिशमध्येही काढावं लागतं. आयटीवाल्यांचं उदाहरण घेऊन येऊ नकोस.

कृष्णाकाठ
ताई, दादा, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. लिहोसिनपाशी ते थांबले. आमच्या पाहुण्यांची तासगावला बाग आहे, त्यांना सगळं माहीत होतं. आता म्हणतात, "मग हेच एमबीएत शिकवत नाहीत का?"

द्राक्षपेटी
शिकवतात, एखाद्या पेपरापुरतं. फायनान्स आणि मार्केटिंगच्या मध्ये कुठेतरी. तुला व्यापार सांभाळायचा असेल तर एमबीए बरं, दिल्लीचं आयआयएफटी किंवा पुण्याचं एसआयआयबी बघ, निर्यातीचं तिथे जास्त मिळेल. दुसऱ्याच्या कंपनीत राहून दोन देशांच्या मधलं बोलणं सांभाळायचं असेल तर हे. तुला यातलं काय करायचंय ते तू अजून लिहिलेलं नाहीस.