‘डोप’चं मराठी करायचं तरी काय?

अर्धविराम:
अमेरिकन मालिकेची मराठी उपशीर्षकं करायची आहेत. पहिल्याच भागात ‘डोप’ चारदा आलाय: ‘दॅट जॅकेट इज डोप’, ‘यू बिग डोप!’, ‘गिव्ह मी द डोप ऑन हिम’, ‘ही सेल्स डोप’. प्रसंग अर्धवट असेल तर नेमका अर्थ कशावरून धरायचा?

शब्दखुळा:
शेजारचे शब्द बघा. मागे ‘अ’ किंवा ‘यू’, नाहीतर ‘डोप्स’ असं अनेकवचन असेल तर बावळट. मागे ‘द’ आणि पुढे ‘ऑन’ असेल तर आतली खबर. ‘इज’, ‘सो’ यांच्यानंतर विशेषण म्हणून आला की भारी, कडक. ‘अ’ नाही, ‘द’ नाही आणि क्रियापद विकण्या-ओढण्याचं, तर नशेचा माल. ‘डोप आउट’ म्हणजे डोकं लढवून छडा लावणं.

शिवीला मात्र ‘मूर्ख’ लिहू नका, फार जड होतं. ‘यू बिग डोप’ बहुतेकदा लाडानं असतं: येडपट, नवरा-बायकोत ‘वेडोबा’सुद्धा चालेल.

चकलीचा सोऱ्या:
‘अ’चा नियम एका ठिकाणी फसतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘अ डोप’ म्हणजे कोका-कोला! दुकानात कुणी ‘अ डोप’ मागत असेल तर तो बावळट मागत नाहीये.

मूळ शब्द डच, अर्थ बुडवून खायचा दाट रस्सा. अमेरिकेत १८०७ पासून सापडतो. मग कुठल्याही दाट, चिकट द्रवाला तेच नाव पडलं. चिलमीत ओढायची अफू अशीच दाट, चिकट असायची, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नशा हा अर्थ आला. खबरेचा अर्थ बहुधा घोड्यांच्या शर्यतीतून आलाय: कुठल्या घोड्याला औषध चारलंय हे ज्याला ठाऊक, त्याच्याकडे खरी बातमी.

दाट द्रवाचा तो अर्थ टिकून होता, म्हणूनच पहिल्या महायुद्धाचं कथानक असेल तर जपा. विमानाच्या पंखांवरचं कापड ताठ बसावं आणि त्यातून हवा जाऊ नये म्हणून सेल्युलोजचं द्रावण फासत, त्याचंही नाव डोप. हँगरमधला मेकॅनिक डोपच्या वासाबद्दल कुरकुरतोय आणि खाली ‘गांजा’ उमटलाय, असं व्हायला नको. (इलेक्ट्रॉनिक चिपसाठी सिलिकॉनमध्ये किंचित बोरॉन, फॉस्फरस मिसळतात, त्यालाही ‘डोपिंग’ म्हणतात; तो शब्द तसाच ठेवा.)

शब्दखुळा:
कोका-कोलाचं मान्य. काळाची चाळणीही लावा. ‘भारी’ हा अर्थ हिप-हॉपमधून १९८० च्या दशकात रुळला, तेव्हा १९४० च्या कथानकात तो धरू नका. उलट ‘द डोप’ आज जुनाट वाटतो, तिथे ‘बित्तंबातमी’ शोभेल.

अर्धविराम:
आणि ‘ही सेल्स डोप’ला सरळ ‘गांजा’?

चकलीचा सोऱ्या:
नको. बोलणारा कुठला, कुठल्या काळातला, त्यावर गांजा, हेरॉइन, मेथ (मेथॅम्फेटामिन) यांतलं काहीही असू शकतं. पुढच्या दृश्यात सुई दिसली की तुमचा ‘गांजा’ तोंडावर आपटेल. गल्लीतल्या पोराच्या तोंडी ‘माल’, पोलिसांच्या अहवालात ‘अमली पदार्थ’.